‘लेस’ने संपणाऱ्या इंग्रजी विशेषणांचे अर्थ कसे लक्षात ठेवायचे?

तुम्ही विचारलंय की या शब्दांत ‘लेस’ म्हणजे ‘कमी’ का? नाही. हा प्रत्यय जुन्या इंग्रजीतल्या वेगळ्या शब्दातून आलाय, अर्थ ‘विना’. त्यामुळे मराठीत त्याला बे-, नि-, निर्- किंवा -हीन लावून बघा: होमलेस बेघर, शेमलेस निर्लज्ज, हार्मलेस निरुपद्रवी. बहुतेक शब्द एवढ्यावर सुटतात.

खरी गडबड ‘प्राइसलेस’ची. पोरं हमखास ‘कवडीमोल’ लिहून येतात. कोल्हापुरात गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, नवा साज (गळ्यातला दागिना) विकत मिळतो, त्याला किंमत आहे. पण आजीनं पणजीकडून घेतलेला साज कुणी कितीही पैसे दिले तरी घरातून जाणार नाही, तो प्राइसलेस. म्हणजे अनमोल. कवडीमोल वस्तूला ‘वर्थलेस’ म्हणतात. स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल तर ही जोडी आधी पक्की करा.

काही शब्दांचा ‘लेस’च्या आधीचा भाग आता एकटा फारसा भेटत नाही. ‘रूथलेस’मधलं रूथ म्हणजे दया, म्हणून निर्दयी. ‘रेकलेस’मधलं रेक म्हणजे पर्वा, म्हणून बेपर्वा. ‘लिस्टलेस’चा यादीशी काही संबंध नाही, इथं लिस्ट म्हणजे इच्छा, म्हणून निरुत्साही, मरगळलेला. मला हे शब्द फार आवडतात, जुनी इंग्रजी त्यांत अजून जिवंत आहे.

‘टायरलेस’ म्हणजे न थकणारा. ‘अनलेस’ आणि ‘ब्लेस’ मात्र विशेषणं नाहीत, ते यात धरू नका.