ठाण्यासारख्या शहरात राहून ऋतूंचा आणि रोजच्या साध्या गोष्टींचा आनंद कसा घ्यावा?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय ते थोडक्यात असं: घोडबंदर रोडला बाविसावा मजला, आठवड्यातले तीन दिवस ऐरोलीचं ऑफिस आणि बाकी घरून काम, सगळे महिने एकाच साच्यातले. बायको म्हणते नोकरी सोडून कोकणात जाऊ. तुम्हाला वाटतं ठाण्यात ऋतू दोनच, घाम आणि पाऊस. मग वेग कमी करायचा तरी कसा?

मी पाचपाखाडीत राहते आणि नोकरीला ऐरोलीलाच जाते, म्हणजे तुमच्याच गर्दीतली. तुम्ही वेगाला दोष देताय. मी दोष देईन सगळं बारमाही मिळण्याला. जुलैत मटार, फेब्रुवारीत हापूस, ऑगस्टमध्ये द्राक्षं, तीही दहा मिनिटांत दारात. कशाचीच वाट बघायची नाही म्हटल्यावर महिने एकमेकांसारखे दिसणारच. म्हणून पहिला सल्ला हा की चालायचा वेग आहे तोच राहू द्या, फक्त चार-पाच गोष्टी हंगामाबाहेर घ्यायच्या नाहीत असं घरात ठरवून टाका.

आमच्याकडे आंबा अक्षय्य तृतीयेआधी येत नाही. काही घरांत त्या दिवशी आधी पितरांना दाखवतात आणि मगच खातात, आमच्याकडे तेवढं कडक नाही, पण तारीख तीच. फेब्रुवारीत वाशीच्या मार्केटमध्ये पहिल्या पेट्या उतरल्याच्या बातम्या येतात, भाव ऐकून आम्ही हसतो आणि कैरीवर भागवतो. चैत्रात डाळ-कैरी, पन्हं, मग मेथांबा. एप्रिलच्या शेवटी पेंढ्यातून पहिला पिकलेला आंबा काढला की तो देठाशी हुंगायला सगळे गोळा होतात, त्यात आमचा एरवी फोनमधून मान न काढणारा मुलगाही असतो. पाऊस पडला की आंबा बंद.

मासळीचा हिशोब सरकारनेच आखून दिलाय. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद, कारण हा माशांच्या विणीचा काळ आणि समुद्रही खवळलेला. तरीही शीतपेट्यांतलं पापलेट जुलैत मिळतंच, फक्त आम्ही घेत नाही. ते दोन महिने सोडे, सुका जवळा आणि खाडीतल्या चिंबोऱ्या. ठाणे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर चेंदणी कोळीवाडा आहे. नारळी पौर्णिमेला तिथे जाऊन या. त्यानंतर ताजे बोंबील येतात, आणि दोन महिने न खाल्लेल्या बोंबलाची तव्यावरची चव वेगळी सांगायला नको.

आता बाजाराबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण ठाण्यात ऋतू आधी बाजारात उतरतो आणि मग आभाळात. तुम्ही प्रश्न विचारलाय तो रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात. अजून ढगांचा पत्ता नाही, पण जांभळी नाक्याला आणि स्टेशनजवळ शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बायका शेवळं घेऊन बसायला लागल्या असतील. शेवळं म्हणजे सुरणाच्या जातीतल्या एका रानकंदाचा फुलोरा. पहिल्या सरींच्या आगेमागे जमिनीतून नुसता कोंब वर येतो, पान नंतर. जांभळट-तपकिरी आवरण, आत एक दांडा. जुडी बांधलेली असते आणि शेजारी पानावर आवळ्यासारखी दिसणारी हिरवी फळं, ती काकडं. पहिल्यांदा घेणाऱ्याला वाटतं ही बाई उगाच जास्तीचं गळ्यात मारतेय. मी एकदा एका काकूंना नुसती शेवळं उचलताना पाहिलं. विकणारी म्हणाली, "काकडं घे ना ताय, नाय तर खाजंल." काकू म्हणाल्या, नको. तिने पैसे घेतले आणि मूठभर काकडं फुकट पिशवीत टाकली. गिऱ्हाईक पुढल्या वर्षीही यायला हवं ना!

खाजण्याचं कारण शेवळात असलेले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक. ते घशाला टोचतात. म्हणून आवरण सोलायचं, दांड्यावरचा पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरून तेलावर चांगलं परतायचं आणि काकडं ठेचून त्यांचा आंबट रस घालून शिजवायचं. काकडं नसतील तर चिंच. बरोबर कोलंबी, खिमा किंवा शाकाहारी असाल तर वाल. सगळ्याला मिळून दीड तास जातो आणि जुडी चिरून झाली की हातात मूठभरच उरतं. वर्षातून दोन-तीनदाच करायची भाजी आहे, पंधरा-वीस दिवसांत बाजारातून गायब होते.

तिच्यामागून पाऊस स्थिरावला की टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, मग कंटोळी. टाकळा तर तुमच्या कॉम्प्लेक्सच्या कुंपणाबाहेरही उगवत असेल, पण रस्त्याकडेचा तोडू नका, आणि ओळख पक्की नसेल तर कुठलाच तोडू नका. बाईकडून घ्या, तिलाच विचारा कशी करायची. हिवाळ्यात हरभऱ्याच्या गड्ड्या, तुरीच्या ओल्या शेंगा, बोरं, आवळे. पनवेल-अलिबागकडे कुणी ओळखीचं असेल तर जानेवारीत पोपटीचं आमंत्रण उकळा: मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात वालाच्या शेंगा, वरून शेणी-पालापाचोळ्याचा जाळ. उन्हाळ्यात ताडगोळे, जाम, करवंदं, जांभळं. यादी वाढवत नाही, तुम्ही बाजारात गेलात की आपोआप कळेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलते. "साधं, सावकाश जगूया" असं पुरुष जेव्हा म्हणतात तेव्हा पुष्कळदा त्यातलं सोलणं, निवडणं, घासणं बायकोच्या वाट्याला जातं. शेवळं आणणं हा तुमचा आनंद आणि साफ करणं तिचं काम, असं होणार असेल तर ॲपवरून फ्लॉवरच मागवा. आमच्याकडे वालाची बिरडी सोलायची जबाबदारी माझ्या नवऱ्याची. भिजवून मोड आणलेले कडवे वाल कोमट पाण्यात टाकले की साल सैल होते, दोन बोटांत दाबलं की दाणा सटकन बाहेर उडतो, कधी थेट टीव्हीच्या काचेवर. हात ओले असल्यामुळे फोन घेता येत नाही. दिवसभरातल्या आमच्या खऱ्या गप्पा तेव्हाच होतात.

झाडांसाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. रोजच्या वाटेवरची दोन झाडं निवडा आणि फक्त तीच बघा. एक पिंपळ हवाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो सगळी पानं टाकतो आणि थोड्याच दिवसांत तांब्याच्या रंगाची कोवळी, तुकतुकीत पानं लागतात. आठवडाभर लक्ष गेलं नाही तर ती हिरवी होऊनही जातात. दुसरं ताम्हण, आपलं राज्यफूल, एप्रिल-मेमध्ये जांभळं फुलतं. ठाण्या-नवी मुंबईत रस्त्याच्या कडेला बऱ्याच ठिकाणी लावलंय, आपण गुलमोहराकडे बघत बसतो म्हणून ते दिसत नाही. ऑक्टोबरमध्ये सातवीण. तिला बघावं लागत नाही, संध्याकाळी सात नंतर वासच येऊन गाठतो. गोडसर, जड वास, काहींचं डोकं दुखतं त्याने. माझंही थोडं दुखतं, पण तो आला की ऑक्टोबरचा उकाडा संपायला फार दिवस नाहीत हे कळतं, म्हणून चालवून घेते.

पक्ष्यांत कोकिळेचं कौतुक फार झालं. मार्चच्या भर दुपारी तुमच्या मीटिंगच्या मागे हातोडीसारखं एकसुरी "टुक, टुक, टुक" चालू असतं तो तांबट. वडाची-पिंपळाची फळं खाणारा, चिमणीएवढा, हिरवा, कपाळ लाल. मोठ्या झाडाच्या शेंड्याला बसतो, बाविसाव्या मजल्यावरून तुम्हाला वरून दिसेल.

आणि बाविसावा मजला! त्याचा तर तुम्ही काहीच फायदा घेत नाही असं दिसतंय. खिडकी येऊरच्या बाजूला असेल तर सूर्य डोंगरामागे कुठे बुडतो ते काचेवर मार्करने टिंब काढून ठेवा. पंधरा दिवसांनी परत. डिसेंबरमध्ये तो डावीकडच्या टोकाला असतो, जूनच्या तिसऱ्या आठवड्यात उजवीकडच्या. मार्च आणि सप्टेंबरमध्ये टिंबांमधलं अंतर भराभर वाढतं, डिसेंबर-जूनमध्ये सूर्य जागच्या जागी रेंगाळतो. मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात ठाण्यात एकेक दिवस असा येतो की दुपारी साडेबाराच्या सुमारास उभ्या खांबाची सावली पायातच राहते. जुलैचा दिवस ढगांत जातो, मेचा चुकवू नका. यंदाचा गेला.

पावसासाठी भिंतीवरचं कॅलेंडर वापरा, तेही कागदाचं. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख 11 जून. कॅलेंडरात त्याआधी, 7-8 जूनला, सूर्याचा मृग नक्षत्रात प्रवेश लिहिलेला असेल आणि पुढे वाहन: बेडूक, म्हैस, कोल्हा, मेंढा, काहीही. बेडूक-म्हैस-हत्ती आले की पाऊस भरपूर, अशी समजूत. मी त्यावर छत्री ठरवत नाही. पण मृग, आर्द्रा, मग पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, अशी नावं लावली की चार महिन्यांच्या एका लांबलचक ओल्या गोधडीचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे होतात. सप्टेंबरअखेरचा हस्ताचा पाऊस तर वागतोच वेगळा: दिवसभर ऊन, संध्याकाळी गडगडाट. ऑफिसला जाताना ठाणे-वाशी लोकलमध्ये डोंगराच्या बाजूची खिडकी धरा. जुलैत पारसिकच्या कातळावरून पांढरे ओहोळ उतरताना दिसतात, आणि त्यासाठी एक मिनिटही जादा लागत नाही.

त्याच ऐरोलीला खाडीकाठी वनविभागाचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे. ठाणे खाडीचा हा भाग 2015 पासून रोहित पक्ष्यांचं, म्हणजे फ्लेमिंगोंचं, अभयारण्य आणि 2022 पासून आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत. रोहित साधारण नोव्हेंबरपासून येतात, मेअखेर परततात. गुलाबी दिसतात ते प्रौढ, राखी-मळकट दिसतात ती लहान वयाची. बरेच लोक चुकीच्या वेळी जातात आणि हात हलवत परत येतात, कारण सगळा खेळ भरती-ओहोटीचा. त्याचा कोळ्यांचा ठोकताळा सोपा आहे: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थी असेल तर भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. खाडीत आत थोडा उशीर धरा. पाणी उतरलं की पक्षी उघड्या चिखलात चरायला पांगतात. पक्षी बघायला नेणाऱ्या बोटीच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात, आधी चौकशी करूनच जा.

तलावपाळीला शनिवार-रविवार संध्याकाळी आणि येऊरला रविवारी सकाळी जाऊ नका. तिथे तेव्हा ऋतू नसतो, हॉर्न असतात. मधल्या वारी पहाटे कचराळी तलाव चालेल. "आज मी कशाकशाबद्दल कृतज्ञ आहे" वगैरे वहीत लिहायचे प्रकार मला जमले नाहीत, तुम्हाला जमत असतील तर करा.

राहिला कोकणाचा प्रश्न. चार दिवस जाऊन या, जरूर. पण नोकरी सोडून गेलात आणि तिथेही भाजी ॲपवरूनच मागवायची सवय राहिली तर तिसऱ्या महिन्यात पुन्हा हाच प्रश्न टाकाल, फक्त नेटवर्क कमी असेल. आधी एक पावसाळा इथे काढून बघा. येत्या शनिवारी सकाळी आठच्या आत दोघं मिळून जांभळी नाक्याला जा, गाडी नेऊ नका, तिथे लावायला जागा नाही. सुटे पैसे न्या. शेवळं कोवळी आणि घट्ट मिटलेली बघून घ्या, आणि ती बाई काकडं देईल ती मुकाट्याने घ्या.