तडा, भेग, फट, सांधा, भ्रंश: सगळं एकच का?

प्रश्न असा आहे की कोयनेच्या भूकंपाबद्दल वाचताना एकाच लेखात तडा, भेग, सांधा, भ्रंश, प्रस्तरभंग असे पाच शब्द आले, तर हे एकच का, आणि खडक जिथे तुटलाय तिथे 'सांधा' कसा काय?

एकच नाहीत. अशा वेळी मी आधी क्रियापद बघतो. तडा जातो, भेग पडते, फट राहते. टाचांना भेगा पडतात, तडे जात नाहीत, आणि विश्वासाला तडाच जातो, भेग पडली असं कोणी म्हणत नाही. म्हणजे तडा कडक वस्तूला जातो, फटकन, आणि दोन्ही बाजू तरीही एकमेकींना टेकलेल्या असतात. भेग उघडी असते, बहुतेक वेळा आकसून पडलेली, आणि फट म्हणजे नुसती मधली मोकळी जागा.

आता जमिनीखाली खोल, वरच्या खडकाचं एवढं वजन असताना, भेग उघडी राहणं अवघडच, तिथे असतो तो मुख्यतः तडा. त्याच्या दोन्ही बाजू खडबडीत, म्हणून फक्त उंचवट्यांवर टेकतात, दाबलं की आधी पटकन मिटायला लागतात, मग जास्त जास्त ठिकाणी टेकत जातात आणि ताठ होत जातात. हा ताठपणा किती, तेच भूकंपलहरींवरून कळतं.

माठ घेताना आपण टिचकी मारतो ना, तेच. तडा डोळ्याला दिसत नाही पण आवाज बद्द येतो. खडकाला टिचकी म्हणजे घण, सुरुंग नाहीतर खुद्द भूकंप, आणि कान म्हणजे जिओफोन, जमिनीची थरथर टिपणारं यंत्र. लहरी दोन, पी दाबत-ताणत जाते आणि एस आडवी हलवत जाते. तडा कोरडा असेल तर दोन्ही मंदावतात. पाण्याने भरला असेल तर पाणी सहज दाबलं जात नाही म्हणून पी बरीचशी सावरते, पण आडव्या हलण्याला पाणी विरोधच करत नाही, त्यामुळे एस मंदच राहते, आणि या फरकावरून आत पाणी असावं का याचा अंदाज बांधतात. तडे सगळे एकाच दिशेचे असले तर एसचे चक्क दोन भाग होतात, तड्यांना समांतर हलणारा आधी पोचतो, दुसरा मागून. मला तर हे भारीच वाटतं.

भ्रंश मात्र वेगळा. बाजू एकमेकींवरून सरकल्या असतील तरच भ्रंश, नाहीतर सांधा. संस्कृतात भ्रंश म्हणजे ढळणं, घसरणं (अपभ्रंश, बुद्धिभ्रंश आठवा), म्हणून मला हा शब्द शाळेच्या भूगोलातल्या 'प्रस्तरभंग'पेक्षा नेमका वाटतो, भंग म्हटल्यावर मोडलं एवढंच कळतं, सरकलं हे कळत नाही.

'सांधा' हा इंग्रजी 'जॉइंट'चा मराठी अवतार. ब्रिटनमधल्या कोळसा खाणकामगारांना खडक विटांसारखे जोडलेले वाटले म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे खांब घ्या, लाव्हा थंड होताना आकसला आणि फुटला, शास्त्राच्या भाषेत ते सांधे, पण मराठी क्रियापदाला विचाराल तर त्या भेगाच, वाळलेल्या तळ्यासारख्या.

आता कोयना. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात जमिनीखाली सरकला तो भ्रंश, धरणाच्या काँक्रीटला गेले ते तडे, जमिनीवर दिसल्या त्या भेगा. आणि शिवाजीसागरातलं, म्हणजे धरणामागच्या जलाशयातलं पाणी? त्याचा दाब खडकातल्या तड्यांमधून खोल पोचतो, टेकलेल्या बाजूंमधली पकड सैल करतो, आणि आधीच ताणात असलेला भ्रंश सरकायला निमित्त मिळतं. इथे 'पाण्यामुळे खडकाला भेगा पडल्या' असं कोणी लिहिलं की माझी चिडचिड होते, कारण तडे आधीचेच होते, पाण्याने फक्त पकड सोडवली.