मॉरिशसचे ‘देशी’ पक्षी, ‘लुप्त’ डोडो: शब्द बरोबर आहेत का?

प्रश्न असा आहे: शाळेच्या प्रदर्शनासाठी मॉरिशसच्या पक्ष्यांवर मराठी फलक लिहायचे आहेत. मथळा ‘देशी पक्षी: जिवंत आणि लुप्त’ असा योजला आहे. ‘नेटिव्ह’साठी ‘देशी’ आणि ‘एक्स्टिंक्ट’साठी ‘लुप्त’ चालेल का, की ‘स्थानिक’, ‘विलुप्त’, ‘नामशेष’ यांतलं काही घ्यावं?

मला विचाराल तर तिन्ही शब्द बदला. ‘जिवंत’सुद्धा.

आधी ‘देशी’. हा शब्द वस्तूपेक्षा बोलणाऱ्याचा पत्ता जास्त सांगतो. देशी गाय, देशी तूप, देशी दारू म्हणजे आपल्याकडची. समोर उभी असते ती विलायती. मराठी मुलाने फलकावर ‘देशी पक्षी’ वाचलं की त्याच्या डोळ्यांपुढे साळुंकी येणार, शिपाई बुलबुल येणार, पेरूवर बसलेला लाल चोचीचा पोपट येणार. आणि घोटाळा असा की मॉरिशसमध्ये हे तिघंही उपरे आहेत. साळुंकी तिथे १७६२ साली भारतातून मुद्दाम नेली, उसावरचे टोळ खाण्यासाठी. तिथले लोक तिला ‘मार्तां’ म्हणतात. शिपाई बुलबुल १८९२ मध्ये पोचला. पोपट पिंजऱ्यांतून सुटून रानभर झाले आणि तिथल्या मूळच्या पोपटाशी झाडांच्या ढोल्यांसाठी भांडू लागले. म्हणजे आपल्या लेखी जे अस्सल देशी, तेच त्या बेटावर बाहेरचे.

यात आणखी एक पदर आहे. मॉरिशसमध्ये १८३४ पासून ऊसमळ्यांवर करारबद्ध मजूर गेले, त्यांत कोकणातली मराठी कुटुंबंही होती. त्यांच्या वंशजांचा मराठी समाज आजही तिथे आहे, गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. तुमचा फलक त्यांच्यापैकी कुणी वाचला, तर ‘देशी’ म्हणजे आजोबा-पणजोबांच्या देशातला, भारतातला, असाच अर्थ त्यांना लागेल. आपल्याला नेमकं उलटं सांगायचं आहे.

‘स्थानिक’ची अडचण वेगळी आहे. पक्षीनिरीक्षकांच्या बोलण्यात ‘स्थानिक’ची जोडी ‘स्थलांतरित’शी असते: बारा महिने इथेच राहणारा तो स्थानिक, हिवाळ्यात येऊन जाणारा तो स्थलांतरित. या हिशेबाने साळुंकी आज मॉरिशसची पक्की स्थानिक आहे, कारण ती तिथेच राहते, तिथेच घरटी करते. पण मूळची ती तिथली नाही. राहणं एक आणि मूळ असणं वेगळं, आणि तुमच्या फलकाला दुसरी गोष्ट हवी आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठीत ‘नेटिव्ह’साठी ‘एतद्देशीय’ हा शब्द सर्रास होता. मला तो आवडतो, पण त्यातलं ‘एतद्’ म्हणजे ‘हा’. पुण्यात लावलेल्या फलकावर मॉरिशसचा पक्षी ‘या देशातला’ कसा होईल? ‘तद्देशीय’ व्याकरणाने बरोबर बसेल, पण पाचवीतल्या मुलाने तो वाचायचा कसा!

मग उरतो आपला साधा ‘मूळचा’. तो घ्या, फक्त शब्दांचा क्रम सांभाळा. ‘मूळचे साताऱ्याचे’ म्हटलं की आपण लगेच विचारतो, ‘आणि आता कुठे असता?’ ‘मूळचे अमक्या ठिकाणचे’ या रचनेत गाव सोडल्याची सूचना असते. ‘मूळचे मॉरिशसचे पक्षी’ म्हणजे तिथून निघून दुसरीकडे गेलेले. उलट ‘मॉरिशसचे मूळचे पक्षी’ म्हटलं की ते तिथले, पहिल्यापासूनचे. शब्द तेच, जागा बदलली की अर्थ फिरतो. मराठीची ही ताकद फलकावर वाया घालवू नका.

याच्या शेजारी ‘प्रदेशनिष्ठ’ हवाच. जगात फक्त त्याच प्रदेशात सापडणारा तो प्रदेशनिष्ठ. आपल्याकडे सड्यांवरच्या, म्हणजे खडकाळ पठारांवरच्या, फुलांबद्दल लिहिताना हा शब्द आता रुळला आहे. प्रत्येक प्रदेशनिष्ठ पक्षी मूळचा असतो, पण प्रत्येक मूळचा प्रदेशनिष्ठ नसतो. लांब शेपटीचा पांढरा समुद्रपक्षी, ज्याला तिथल्या क्रिओल भाषेत ‘पायांके’ म्हणतात, तो मॉरिशसचा मूळचा आहे, पण इतर कितीतरी बेटांवरही तो घरटी करतो. गुलाबी कबूतर मात्र मॉरिशसबाहेर रानात कुठेच नाही.

आता ‘लुप्त’. पाणिनीची व्याख्या तीन शब्दांचीही नाही: ‘अदर्शनं लोपः’. न दिसणं म्हणजे लोप. व्याकरणात लोप पावलेला वर्ण नष्ट झालेला नसतो, तो दिसत नाही इतकंच. अवग्रहाचं (ऽ) चिन्ह तर मुद्दाम सांगतं की इथे एक ‘अ’ होता. ‘लुप्त’मध्ये परत सापडण्याची वाट उघडी असते. बोलीत याला आपल्याकडे सुरेख क्रियापद आहे: दिसेनासा होणे.

याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. वनपिंगळा हे छोटं घुबड. तो १८८४ नंतर कुणालाच दिसला नव्हता, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याजवळ, तो दिवसाढवळ्या झाडावर बसलेला सापडला. ११३ वर्षं तो लुप्त होता, नामशेष नव्हता. हा फरक जपायला दोन शब्द असताना दोन्हीकडे एकच वापरायचा, हे मला पटत नाही.

‘नामशेष’ हा बहुव्रीही समास आहे: नाव हेच ज्याचं शेष राहिलं आहे तो. संस्कृतात ‘कथाशेष’, ‘कीर्तिशेष’ यांच्यासारखा तो गेलेल्या माणसासाठी वापरत. मराठीने तो वंशासाठी, कुळासाठी, जातीसाठी घेतला, आणि तो फार नेमका बसला. परतीची आशा त्यात नाही. ‘विलुप्त’ आपल्याकडे बहुधा हिंदीच्या वाटेने वर्तमानपत्रांत शिरला. तो चूक नाही, पण ‘नामशेष’ असताना त्याची गरज काय?

डोडोबाबत तर हा शब्द अक्षरशः खरा आहे. डच खलाशी १५९८ मध्ये बेटावर उतरले. डोडो दिसल्याची शेवटची विश्वासार्ह नोंद साधारणपणे १६६२ सालची मानतात. त्यानंतरही काही जणांनी डोडो पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की या उशिराच्या नोंदी डोडोच्या नाहीतच: तो संपल्यावर त्याचं नाव लोकांनी बेटावरच्या दुसऱ्या एका न उडणाऱ्या पक्ष्याला, लांब चोचीच्या तांबूस पाणकोंबडीसारख्या पक्ष्याला, देऊन टाकलं. पक्षी गेला, नाव मागे राहिलं आणि दुसऱ्याच्या अंगावर चढलं. पुढे तोही गेला. पुढच्या पिढ्यांना तर डोडो खरोखर होता यावरच शंका येऊ लागली, इतकं ते निव्वळ नाव उरलं होतं. १८६५ मध्ये जॉर्ज क्लार्क या शिक्षकाने मार-ओ-साँज नावाच्या दलदलीतून डोडोच्या हाडांचा मोठा साठा बाहेर काढला, तेव्हा त्या नावाला पुन्हा शरीर मिळालं.

मॉरिशसचं निळं कबूतर १८३०च्या दशकाच्या सुमारास संपलं, म्हणजे कोकणातली माणसं तिथे उतरू लागली त्याच सुमाराला. मानेवर पांढरी लांब पिसं, अंग गडद निळं, शेपूट लाल. डच झेंड्याचेच रंग, म्हणून त्याला ‘डच कबूतर’ अशा अर्थाचं फ्रेंच नाव पडलं. आज त्याची पेंढा भरलेली तीनच कातडी जगात आहेत: पॅरिस, एडिंबरा आणि पोर्ट लुईला. फलकावर त्याचं चित्र मोठं छापा, ही माझी विनंती.

एक जागा व्याकरणाने सांभाळायची. एखादा प्राणी एका प्रदेशातून गेला पण दुसरीकडे आहे, तर ‘-तून’ हवाच. चित्ता १९५२ साली ‘भारतातून नामशेष’ झाल्याचं जाहीर झालं. नुसता ‘नामशेष’ तो कधीच नव्हता. आणि मजकुरात निदान एकदा तरी कर्ता लिहा. ‘डोडो नामशेष झाला’ हे वाक्य त्याला आपोआप झाल्यासारखं करतं. ‘माणसांनी आणि त्यांच्याबरोबर जहाजांतून आलेल्या डुकरांनी, माकडांनी, उंदरांनी डोडो संपवला’ असं लिहा. जमिनीवरच्या घरट्यातलं अंडं कुणी खाल्लं, हे मुलांना कळू द्या.

राहिला ‘जिवंत’. हा शब्द एकेका जिवाचा आहे, जातीचा नाही. ‘जिवंत पक्षी’ म्हटलं की बाजारातली कोंबडी डोळ्यांपुढे येते. ‘हयात’ माणसांना शोभतो. इथे ‘आज आढळणारे’ म्हणा. आणि जे मरणाच्या दारातून परत आले त्यांच्यासाठी ‘तगलेले’ हा शब्द फार चांगला आहे. मॉरिशसची खरूची, म्हणजे ससाण्याच्या कुळातला छोटा शिकारी पक्षी, १९७४ मध्ये अवघी चार उरली होती, त्यांत अंडी घालणारी मादी एकच. ती खाते मुख्यतः झाडांवरच्या हिरव्या पाली, पण लोकांनी तिला ‘कोंबडीखाऊ’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं आणि त्या नावापायी तिच्यावर गोळ्याही झाडल्या. गुलाबी कबुतरं १९९०च्या सुमारास रानात दहाच्या आसपास होती. मूळचा पोपट १९८०च्या दशकात डझनावर येऊन ठेपला होता. पिंजऱ्यात पिलं वाढवून, रानात सोडून, खाणं पुरवून, उंदीर आवरून माणसांनी ही तिन्ही पाखरं तगवली, आज ती शेकड्यांनी आहेत. त्यांना ‘दुर्मिळ’ म्हणा, ‘संकटग्रस्त’ म्हणा. ‘नामशेष होत चाललेले’ मात्र म्हणू नका.

तर मथळा असा करा: ‘मॉरिशसचे मूळचे पक्षी: आज आढळणारे आणि नामशेष झालेले’. साळुंकी, शिपाई बुलबुल आणि आपला पोपट यांच्यासाठी शेजारी वेगळा फलक लावा, त्यावर लिहा ‘बाहेरून आणलेले पक्षी’. मुलं तिथे थबकतील, कारण ते पक्षी त्यांच्या ओळखीचे आहेत.