जुन्या जागी नवा कमोड बसवण्यासाठी नेमके कोणते माप घ्यावे?

निकास जमिनीत उतरत असेल, म्हणजे एस-ट्रॅप असेल, तर मागच्या भिंतीच्या टाइलपासून पाइपाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजावे. टेप स्कर्टिंगला, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेल्या पट्टीला, टेकवल्यास तिच्या जाडीइतके माप कमी भरते, आणि ही चूक फार सर्रास होते. ३०० मिमी अंतरासाठी बनवलेल्या कमोडला प्रत्यक्षात २५० मिमीच जागा असेल तर तो बसणारच नाही. उलट असल्यास मागे फट राहील, जी एकवेळ चालते. निकास भिंतीत जात असेल, तर तयार फरशीपासून पाइपाच्या मध्यापर्यंतची उंची पाहावी. बसवताना पाइपाच्या जोडातून गळती होऊ न देणारी वॅक्स रिंग (मेणाची कडी) किंवा रबरी कॉलर नवीच घ्यावी आणि बोल्ट आळीपाळीने, बेताने आवळावेत, कारण एकाच बाजूला जोर दिल्यास सिरॅमिकला तडा जातो.