न्यूरोबायोलॉजीत पीएचडी करायची म्हणतोस, तर

मेंदूबद्दल कुतूहल आहे हे छानच. पण आधी एक ठरव, दिवसभर हाताने काय करायला तुला आवडेल? कारण या क्षेत्रात विषयापेक्षा तंत्र माणसाला जास्त घडवतं. पॅच क्लॅम्पचंच बघ, म्हणजे एकेका पेशीतली सूक्ष्म वीज मोजायचं तंत्र. मायक्रॉनभर तोंडाची काचेची नळी सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला टेकवायची, हलकेच हवा ओढायची आणि विजेला होणारा रोध गिगाओहमपर्यंत चढतोय का, म्हणजे नळी पेशीला घट्ट चिकटून 'सील' लागलं का, ते श्वास रोखून बघायचं. याच तंत्रातून केलेल्या कामासाठी नेहर आणि साकमान यांना १९९१ चं नोबेल मिळालं. माझा हात बसायला कित्येक महिने गेले. पहिलं सील लागलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं.

गणित आणि प्रोग्रामिंग मात्र टाळू नकोस. हॉजकिन आणि हक्सली यांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या जाड अक्षतंतूवर (चेतापेशीच्या लांब धाग्यावर) काम करून १९५२ मध्ये मांडलेली, चेतापेशीतला विद्युत संकेत कसा तयार होतो ते सांगणारी समीकरणं स्वतः पायथनमध्ये चालवून बघ. एका सुट्टीत होईल, आणि हेच कौशल्य पुढे नोकरीतही कामी येतं.

नोकरीचं स्पष्टच सांगतो. प्राध्यापकाच्या जागा थोड्या, पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाची, वर्षं लांबतात. औषध कंपन्या, क्लिनिकल ट्रायल, मेंदू-संगणक जोडणी, डेटा विश्लेषण, पेटंट, विज्ञानलेखन या वाटाही पहिल्या वर्षापासूनच डोळ्यांसमोर ठेव. त्यात कमीपणा अजिबात नाही.

गाईड निवडताना नावाला भुलू नकोस. तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना एकट्यात गाठून विचार, किती वर्षं लागली आणि आता कुठे आहात?