मोटर यॉटच्या प्रोपेलर शाफ्टमधून विचित्र आवाज येतोय, दोष कुठे शोधायचा?

आधी आवाज शाफ्टचाच आहे का, ते ठरवा. यॉट धक्क्याला घट्ट बांधून न्यूट्रलमध्ये आरपीएम वाढवा. तेव्हाही आवाज आला तर शाफ्टच्या मागे लागू नका, कारण तो फिरतच नाहीये. आयडलला खडखड आणि आरपीएम वाढवताच गायब? मग संशय डॅम्पर प्लेटवर, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या धक्के शोषणाऱ्या प्लेटवर.

कमी वेगात किंचाळल्यासारखा आवाज म्हणजे बहुधा कटलेस बेअरिंग, म्हणजे शाफ्टला पाण्यात आधार देणारं रबरी बेअरिंग. त्यातल्या रबराला वंगण पाण्याचंच. खाचांत गाळ किंवा शिंपले अडकले की शाफ्ट कोरडा घासतो. यॉट बाहेर काढल्यावर प्रोपेलर धरून वर-खाली हलवा. 25 मिमी शाफ्टला दीड मिमीच्या आसपास ढिलाई असेल तर बेअरिंग बदला. मात्र ते एकाच बाजूने झिजलं असेल तर खरा दोष बहुतेक अलाइनमेंटचा, म्हणजे शाफ्ट आणि इंजिन एका रेषेत नसण्याचा, आणि तो तसाच ठेवला तर नवं बेअरिंगही लवकरच जाईल.

अलाइनमेंट पाण्यातच तपासा, तेही यॉट उतरवून एखादा दिवस गेल्यावर. जमिनीवर हलचा (यॉटच्या मुख्य कवचाचा) आकार किंचित बदलतो. शाफ्ट आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट काढा, शाफ्टचं वजन तोलून धरा, फ्लँज (कपलिंगच्या समोरासमोरच्या चकत्या) जुळवा आणि त्यांच्यामधल्या फटीत वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. 100 मिमी फ्लँजला या फटींतला फरक 0.1 मिमीच्या आत हवा.

आरपीएमबरोबर वाढणारी धडधड असेल तर वाकलेलं पातं, वाकलेला शाफ्ट किंवा गुंडाळलेला दोर बघा. सैल झालेला शाफ्टचा झिंकही (शाफ्टऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) बराच गोंगाट करतो, आणि तो तपासायचा हमखास राहून जातो.