भिंतीवरची बुरशी कोणाची, मालकाची की भाडेकरूची?

प्रश्न: दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात आम्ही दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. भाडं महिना २,५०० रुपये. मागच्या भिंतीत घरमालकांनी बसवलेला डक्टचा कूलर आहे. तो लावला की कुबट वास येतो, जाळीच्या आत काळे ठिपके दिसतात आणि डक्टखालची भिंत कमरेपर्यंत खराब झाली आहे. मालक म्हणतात, "कूलर तुम्ही वापरता, तुम्हीच निस्तरा." अनामतीतून पैसे कापण्याचीही भाषा करतात. खर्च कोणी करायचा?
— एक शिक्षिका, जि. अमरावती

उत्तर: आधी पाणी कुठून येतं ते शोधा. खर्च कोणाचा, ते त्यावरच ठरतं.

तुमचा भाग खारपाणपट्ट्यातला, म्हणजे जमिनीतलं पाणी खारट, म्हणून भिंतीवर आहे ती बुरशीच का, हे पाहा. पांढरी, कुरकुरीत पूड असेल आणि पाण्याच्या थेंबात विरघळत असेल तर तो लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेले क्षार. तो जोत्यातून वर चढणाऱ्या ओलीचा असतो. त्यावर डिस्टेंपर मारला तर पापुद्रे धरून निघतो. हे काम बांधकामाचं, म्हणजे मालकाचं. बुरशी काळी-हिरवी असते, विरघळत नाही, पुसली की डाग पसरतो.

दुसरी खूण. भिंतीच्या कोरड्या दिसणाऱ्या भागावर हातभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीनं घट्ट लावा आणि दोन दिवस राहू द्या. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला, भिंतीकडे आले तर ओल भिंतीतली. खोलीकडच्या बाजूला आले तर ओल हवेतली. कूलर लावून खिडक्या बंद ठेवल्या की असंच होतं, कारण कूलरनं आत ढकललेल्या दमट हवेला बाहेर जायला वाट लागते. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा. हा भाग तुमच्या वापराचा. डक्ट आणि भिंत यांच्या फटीतून पावसाचं पाणी झिरपत असेल, तर ती फट मालकानं बुजवायची.

डक्टची साफसफाई तुम्ही करावी, हे रास्त आहे. मेन स्विच बंद करा, प्लगही काढा. नाका-तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. टाकी रिकामी करून जाळी आणि ताट्या काढा. काळ्या पडलेल्या गवताच्या ताट्या धुऊन उपयोग नाही, नव्याच घाला. पत्र्याचा डक्ट धुण्याच्या पावडरीच्या पाण्यानं, लांब दांड्याच्या ब्रशनं आतून घासा, ओल्या फडक्यानं दोनदा पुसा. सगळं वाळल्यावर पंप न लावता नुसता पंखा अर्धा तास चालवा. ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. डक्टला आतून फोमचं अस्तर असेल आणि ते बुरशीलं असेल तर घासून जात नाही. अस्तर बदलावं लागतं, आणि तो खर्च मालकाचा.

आता कायदा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे कलम १४ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर, घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. किमान १५ दिवसांची लेखी नोटीस देऊनही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर भाडेकरू ते करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र वर्षाला एकूण भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. तुमचं वर्षाचं भाडं ३०,०००, म्हणजे मर्यादा ७,५०० रुपये. कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे तो लागू असलेल्या ठिकाणांच्या यादीत, नसलेल्या गावात १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा बघावा लागतो. त्यात मालकानं जी दुरुस्ती स्वीकारली असेल तिच्यापुरताच हा हक्क मिळतो. म्हणून करारनामा काढून वाचा. तो ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स (नुसती राहण्याची परवानगी देणारा करार) असेल तर त्यातली दुरुस्तीची अट फार महत्त्वाची ठरते. नोटीस स्पीड पोस्टानं पाठवा, तारखेसह फोटो ठेवा.

प्रश्न: मी घरमालक आहे. भाडेकरू कूलर भरलेलाच सोडून जातात. काय करावं?

उत्तर: करारात एक ओळ घाला: पावसाळा लागला की टाकी उपसून, घासून, वाळवून, ताट्या काढून डक्टचं तोंड बंद करायचं. कूलर चालू असतानाही टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करून घासायला सांगा, डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. मात्र लोखंडी कूलरचं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) तुम्हीच बसवा, आणि दर मार्चमध्ये वायरमनकडून तपासून घ्या. हे भाडेकरूवर सोडू नका.